कलमं वाचा, मग भांडा : पोप आणि फॅसिस्ट राजवटींचे करार

सनदवाचक

पोप आणि फॅसिझम हा विषय निघाला की धाग्याचा लगेच आखाडा होतो. एक जण हात उंचावून सलामी देणाऱ्या बिशपांचा फोटो डकवतो, दुसरा डाखाऊच्या छळछावणीचे आकडे टाकतो. दोन्ही खरं आहे. डाखाऊत डांबलेल्या २,७२० धर्मगुरूंपैकी २,५७९ कॅथलिक होते. पण फोटो विरुद्ध आकडे अशा कुस्तीतून निकाल लागत नाही.

व्हॅटिकनने या राजवटींशी जे केलं त्यातलं बरंचसं लेखी केलं. इटलीशी १९२९, ऑस्ट्रिया आणि जर्मनीशी १९३३, पोर्तुगालशी १९४०, स्पेनशी १९५३. हे कागद छापील आहेत, कुणालाही वाचता येतात. कोणी काय दिलं, बदल्यात काय घेतलं, हे कलमवार लिहिलेलं आहे. असा करार हातात आला की मी आधी बिशपांच्या नेमणुकीचं कलम काढतो : सरकारला नाव कळवायचं की सरकारची मंजुरी घ्यायची, आणि किती दिवसांत. मग लग्न आणि शाळा. मग कॅथलिक संघटना आणि धर्मगुरूंचं राजकारण. पैशाचं कलम सगळ्यात शेवटी, कारण तिथे गोंधळ कमी असतो.

इटलीचा लॅटरन करार ११ फेब्रुवारी १९२९ चा. सह्या मुसोलिनी आणि कार्डिनल गास्पारी यांच्या. 'लॅटरन करार' म्हणताना लोक एक कागद समजतात, प्रत्यक्षात ते तीन आहेत. पहिला राजकीय तह : ४४ हेक्टरचं व्हॅटिकन सिटी हे सार्वभौम राज्य, आणि १८७० मध्ये इटलीने रोम घेतल्यापासून लोंबकळलेलं भांडण मिटलं. दुसरा पैशाचा : ७५ कोटी लिरा रोख आणि १०० कोटी लिरांचे ५ टक्क्यांचे सरकारी रोखे. तिसरा ४५ कलमांचा धार्मिक करार, आणि खरी मेख त्यात आहे.

कलम ३४ ने चर्चमधल्या लग्नाला कायद्याची मान्यता मिळाली. कलम ३६ ने धर्मशिक्षण प्राथमिक शाळेतून माध्यमिकपर्यंत गेलं. कलम १९ प्रमाणे बिशप नेमण्याआधी नाव सरकारला कळवायचं, राजकीय आक्षेप असेल तर सरकारने सांगायचं. कलम २० प्रमाणे बिशपने राजासमोर निष्ठेची शपथ घ्यायची. कलम ४३ मध्ये 'कॅथलिक अॅक्शन' या, धर्मगुरू नसलेल्या सामान्य कॅथलिकांच्या संघटनेला मान्यता, पण पक्षीय राजकारणापासून लांब राहण्याच्या अटीवर. धर्मगुरूंना कुठल्याही पक्षात जायला बंदी.

या शेवटच्या अटीसाठी रोमला १९२९ मध्ये फारसं काही द्यावं लागलं नाही, कारण द्यायचं ते आधीच दिलं होतं. कॅथलिकांचा स्वतःचा पक्ष होता, 'पार्तितो पोपोलारे', १९१९ मध्ये डॉन लुइजी स्तुर्झो या धर्मगुरूने काढलेला. मुसोलिनी सत्तेवर आल्यावर व्हॅटिकनने स्तुर्झोच्या मागचा हात काढला. जुलै १९२३ मध्ये त्याने सचिवपद सोडलं, १९२४ मध्ये देश सोडला, १९२६ मध्ये पक्षावर बंदी आली. त्याच १९२३ च्या ऑगस्टमध्ये आर्जेंता गावचे धर्मगुरू डॉन मिन्झोनी यांना फॅसिस्ट गुंडांनी रस्त्यात ठेचून मारलं होतं. तेव्हा 'समोरचे कोण आहेत ते ठाऊक नव्हतं' ही पळवाट कुणी काढू नये.

आता कलम ५. याकडे कुणी बघत नाही. चर्चने बहिष्कृत केलेल्या किंवा चर्च सोडून गेलेल्या धर्मगुरूला शिक्षकाची किंवा लोकांशी थेट संबंध येणारी सरकारी नोकरी देता येणार नाही, असं ते कलम. एर्नेस्तो बुओनायूती हे रोम विद्यापीठात ख्रिस्ती धर्माच्या इतिहासाचे प्राध्यापक, १९२६ मध्ये बहिष्कृत झालेले. १९३१ मध्ये प्राध्यापकांना फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली तेव्हा बाराशेच्या आसपास प्राध्यापकांतल्या जेमतेम डझनभरांनी नकार दिला. बुओनायूती त्यांतले एक. नोकरी गेली. मुसोलिनी पडल्यावर नकार देणाऱ्यांना परत घेतलं गेलं, यांना मात्र वर्गात शिकवू दिलं नाही. आड आलं ते कलम ५. १९४६ मध्ये ते वारले.

जर्मनी आणि स्पेनवर जाणकारांनी लिहावं.

---

बोलघेवडा

वाचनीय. पण मूळ प्रश्नाला बगल दिल्यासारखं वाटतं. कलमं ही नंतरची गोष्ट. आधी मनं जुळलेली होती त्याचं काय? उदारमतवाद नको, वर्गसंघर्ष नको, संसदेतला कलकलाट नको, हे पोपही म्हणत होते आणि मुसोलिनीही. १५ मे १९३१ च्या परिपत्रकात पायस अकरावे यांनी मालक-मजुरांच्या एकत्रित व्यवसायसंघांवर समाज उभा करायची कल्पना मांडली. ऑस्ट्रियात चान्सेलर डॉलफुसने तीच उचलून राज्यघटना केली. १ मे १९३४ ला ती जाहीर झाली, सुरुवातच सर्वशक्तिमान देवाच्या नावाने. आणि पोपशी झालेला करार अमलात आला तोही त्याच दिवशी. याला निव्वळ वकिली व्यवहार म्हणायचं?

---

सनदवाचक

@बोलघेवडा, ऑस्ट्रियाचं उदाहरण बिनतोड आहे. तिथे आणि पोर्तुगालमध्ये राजवटच स्वतःला कॅथलिक म्हणवत होती. पण १९३१ चं ते परिपत्रक पूर्ण वाचलंत तर इटलीतल्या सरकारी व्यवसायसंघांवर त्यात टोमणा आहे : सगळं सरकारच ठरवतं, संघ नावापुरते. आणि पुढच्याच महिन्यात पोप आणि मुसोलिनी उघड भांडले.

ते भांडणही कलम ४३ वरूनच. मे १९३१ मध्ये मुसोलिनीने कॅथलिक अॅक्शनच्या युवक शाखा बंद केल्या. म्हणणं असं की जुन्या पोपोलारे पक्षाची माणसं त्यात घुसलीत. २९ जूनला पोपनी इटालियनमध्ये परिपत्रक काढलं आणि राज्यसंस्थेची मूर्तिपूजा चालली आहे असं सुनावलं. सप्टेंबरमध्ये तडजोड झाली. युवक शाखा परत सुरू, पण बिशपांच्या हाताखाली, धर्मप्रांतापुरत्या. जुने पक्षवाले पदाधिकारी चालणार नाहीत, खेळांचे सामनेसुद्धा भरवायचे नाहीत. खेळांवर एवढी नजर का, तर पोरं तिथेच गोळा होतात. संबंध राज्यसंस्थेच्या तत्त्वज्ञानावरून सुरू झालेला वाद शेवटी फुटबॉलवर येऊन मिटला.

१९३८ चा वाद मात्र मिटला नाही. नोव्हेंबरच्या वंशभेदी कायद्याने 'आर्य' इटालियन आणि ज्यू यांच्यातली लग्नं बेकायदा ठरवली. बाप्तिस्मा घेतलेला ज्यू चर्चच्या लेखी कॅथलिक, म्हणजे कलम ३४ चा भंग. पोपनी मुसोलिनीला आणि राजालाही पत्र लिहिलं. पत्रं कशाबद्दल होती तेही बघा : लग्नाबद्दल. शाळांतून काढलेल्या ज्यू मुलांबद्दल आणि शिक्षकांबद्दल करारात कलम नव्हतं, तिथे करारभंगाची तक्रारही नव्हती.

---

कारकून

जर्मनी.

करारावर सह्या २० जुलै १९३३, रोममध्ये. पोपच्या बाजूने कार्डिनल पाचेली (पुढे पायस बारावे), जर्मनीच्या बाजूने उपचान्सेलर फॉन पापेन. कलमं ३४. मंजुरीपत्रांची देवाणघेवाण १० सप्टेंबर.

तारखा ओळीने लावल्या की चित्र स्पष्ट होतं.
२३ मार्च : हिटलरला संसदेविना कायदे करायचा अधिकार देणारा ठराव. कॅथलिकांच्या झेंट्रुम पक्षाने बाजूने मत दिलं. पक्षाध्यक्ष काआस स्वतः धर्मगुरू.
२८ मार्च : नाझी पक्षात जाण्यावर बिशपांनी घातलेली बंदी त्यांनी मागे घेतली.
५ जुलै : झेंट्रुम पक्षाने स्वतःला विसर्जित केलं.
१४ जुलै : मंत्रिमंडळाने करार मंजूर केला. त्याच बैठकीत आनुवंशिक रोग असलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदाही मंजूर केला, पण प्रसिद्ध केला २५ जुलैला, सह्या होऊन गेल्यावर. आधी छापला असता तर रोमला सही करणं जड गेलं असतं.

कलम १४ : बिशपचं नाव सरकारला कळवायचं, राजकीय आक्षेपाला २० दिवस, उत्तर नाही आलं तर आक्षेप नाही असं धरायचं. कलम १६ : निष्ठेची शपथ. कलम ३२ : धर्मगुरूंना पक्षीय राजकारण बंद. शिवाय एक गुप्त पुरवणी : सक्तीची लष्करभरती सुरू झाली तर धर्मगुरूंचं काय करायचं. सक्तीची भरती व्हर्सायच्या तहाने जर्मनीला मना होती, तरी तिची तजवीज १९३३ मध्ये लिहून ठेवली.

आता फसगत कुठे झाली. कलम ३१ : निव्वळ धार्मिक, सांस्कृतिक आणि दानधर्माच्या कॅथलिक संस्थांना संरक्षण, कोणत्या संस्था ते सरकार आणि बिशप मिळून ठरवतील. म्हणजे यादी नंतर. सही झाली, मंजुरी झाली, यादी झालीच नाही. यादीत नाव नाही म्हणजे संरक्षण नाही, हा अर्थ लावायला गेस्टापोला, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांना, वकील लागला नाही. कामगार संघ, युवक संघ, वृत्तपत्रं एकेक करून गेली. १९३६ मध्ये हिटलर युवक दलाचा कायदा आला, १९३९ पर्यंत कॅथलिक युवक संघटना संपल्या. कलम २३ मध्ये हमी दिलेल्या कॅथलिक शाळांचीही तीच गत.

३० जून १९३४ च्या कत्तलीत बर्लिनच्या कॅथलिक अॅक्शनचा प्रमुख एरिख क्लाउसनर त्याच्या सरकारी कचेरीत गोळी घालून मारला गेला. करार जेमतेम वर्षाचा होता.

करार का केला यावर पाचेलींच्या बाजूने सांगितलं जातं की तो नसता तर निषेध करायलाही आधार राहिला नसता. यात तथ्य आहे. रोमहून बर्लिनला तक्रारींचे खलिते सतत जात, प्रत्येकात कलमाचा क्रमांक असे. बहुतेकांना उत्तर आलं नाही. पण झेंट्रुम पक्ष, त्याची वृत्तपत्रं, गावोगावच्या समित्या हे सगळं जागेवर असताना निषेध करायला कराराची गरज नव्हती. हातातली काठी देऊन पावती घेतली, एवढंच.

---

झावळी

@कारकून, १९३७ राहिलं.

'जळत्या काळजीने' हे पोपचं परिपत्रक. तारीख १४ मार्च १९३७, वाचलं गेलं २१ मार्चला, झावळ्यांच्या रविवारी, कारण त्या दिवशी चर्च भरलेली असतात. परिपत्रकं एरवी लॅटिनमध्ये; हे मुद्दाम जर्मनमध्ये. पहिला मसुदा म्युनिकच्या कार्डिनल फाउलहाबरचा, पाचेलींनी त्यात भर घालून धार चढवली.

पोचवलं कसं ते बघण्यासारखं आहे. मजकूर गुप्तपणे देशात आणला. टपाल टाळलं, कारण टपाल फोडलं जायचं. डझनभर छापखान्यांत सुमारे ३ लाख प्रती काढल्या. निरोप्यांनी पायी, सायकलवर, मोटारसायकलवर गावोगाव पोचवल्या. गेस्टापोला सुगावा लागला तो आदल्या दिवशी, तोवर उशीर झाला होता. नंतर छापखाने जप्त झाले, मालकांना भरपाई नाही. धर्मगुरूंवरचे नीतिमत्तेचे खटले पुन्हा जोरात सुरू झाले.

मजकुरात वंशाची, रक्ताची आणि राज्याची पूजा करण्यावर कडक टीका आहे, करारभंगावर तर पानंच्या पानं. हिटलरचं नाव नाही. ज्यूंवरच्या छळाचाही थेट उल्लेख नाही. जुन्या कराराचं, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाचं, समर्थन आहे. आणि पाचच दिवसांनी, १९ मार्चच्या तारखेचं, साम्यवादाविरुद्धचं परिपत्रक आहे. रोमच्या तराजूत दोन्ही पारडी होती, पण साम्यवादाशी त्यांनी करार केला नाही.

उघड बोलल्याचा उपयोग झाला असं एक उदाहरण : ३ ऑगस्ट १९४१, म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांचं प्रवचन. मनोरुग्णांना आणि अपंगांना सरकार मारतंय हे त्यांनी व्यासपीठावरून सांगितलं आणि खुनाचं कलम लावून फिर्याद दिल्याचंही सांगितलं. २४ ऑगस्टला हिटलरने ती मोहीम थांबवायचा हुकूम दिला. तोवर ७० हजारांवर बळी गेले होते. नंतर इस्पितळांत इंजेक्शनं आणि उपासमार चालूच राहिली, म्हणून विजय वगैरे म्हणू नये. पण गालेनना हात लावायची हिंमत झाली नाही. वेस्टफालियातली माणसं बिथरतील ही भीती होती.

---

बोलघेवडा

म्हणजे १९४१ मध्ये एक बिशप बोलला तर मोहीम थांबते, आणि ज्यूंच्या बाबतीत तसं कुणी बोलत नाही. इथेच तर सगळं येऊन अडतं.

---

झावळी

फरक होता तो असा : मारले जाणारे रुग्ण गालेनच्या श्रोत्यांचे आई-बाप, भाऊ-बहीण होते. हॉलंडमध्ये बिशप ज्यूंसाठी बोलले. २६ जुलै १९४२ ला चर्चमध्ये निषेधपत्र वाचलं. आठवड्याभरात, २ ऑगस्टला, नाझींनी बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यूंची धरपकड केली. तत्त्वज्ञ आणि जोगीण एडिथ स्टाइन त्यांत होत्या. ९ ऑगस्टला त्यांना आउशवित्झला मारलं. पुढे 'बोललं की उलटतं' म्हणणाऱ्यांनी हेच उदाहरण वापरलं. मला ते अपुरं वाटतं, कारण बाप्तिस्मा न घेतलेल्या डच ज्यूंच्या गाड्या तर त्याआधीच सुरू झाल्या होत्या.

---

कारकून

स्पेन. इथे पार्श्वभूमी आधी, नाहीतर बिशप असे का वागले ते कळत नाही. यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूच्या भागात ६,८३२ धर्मगुरू, साधू आणि जोगिणी मारल्या गेल्या, त्यांत १३ बिशप. बहुतेक पहिल्या काही महिन्यांत. १ जुलै १९३७ ला बिशपांनी फ्रँकोच्या बाजूने सामुदायिक पत्र काढलं. सही न करणाऱ्यांत तारागोनाचे कार्डिनल विदाल इ बाराकेर आणि विटोरियाचे बिशप मुखिका. मुखिकांच्या धर्मप्रांतातले बास्क धर्मगुरू १९३६ च्या ऑक्टोबरमध्ये गोळ्या घालून मारले होते, आणि मारणारे फ्रँकोचे होते. सामुदायिक पत्रात त्याबद्दल काय म्हणायचं ही अडचणच होती.

आता यंत्रणा. ७ जून १९४१ चा समझोता, बिशप नेमण्यासाठी :
१. पोपचा राजदूत आणि सरकार बोलून किमान सहा नावं काढणार.
२. पोप त्यांतली तीन ठेवणार.
३. फ्रँको ३० दिवसांत त्यांतलं एक नाव 'सादर' करणार, पोप त्यालाच नेमणार.

म्हणजे पहिली आणि शेवटची चाळणी फ्रँकोची. १९५३ च्या करारात हे जसंच्या तसं घेतलं. जर्मनीत आणि इटलीत आक्षेपाचा हक्क होता, इथे निवडीचाच.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सरकारांना असे हक्क सोडायची विनंती केली. पोप पॉल सहावे यांनी १९६८ मध्ये फ्रँकोला पत्रही लिहिलं. फ्रँको ढिम्म. मग रोमने फट शोधली. समझोता धर्मप्रांताच्या मुख्य बिशपला लागू होता. सहायक बिशपला आणि तात्पुरत्या प्रशासकाला नाही. जागा रिकामी झाली की रोमने घाई करायची नाही, एक सहायक नेमायचा, त्याच्या हाती कारभार द्यायचा. माद्रिदचे आर्चबिशप मोर्सिल्यो मे १९७१ मध्ये वारले, लगेच कार्डिनल तारांकोन प्रशासक झाले, वर्षअखेरीस आर्चबिशप. बिशप परिषदेत सहायकांनाही मत असल्यामुळे तिथलं बहुमत फ्रँकोच्या हातून निसटलं.

१९५३ च्या कलम १६ ची गंमत वेगळीच. धर्मगुरूला शिक्षा झाली तर त्याला इतर कैद्यांपासून वेगळं ठेवायचं, अशी ती सवलत. १९६० नंतर बास्क धर्मगुरू सरकारविरोधात तुरुंगात जायला लागले, तेव्हा याच कलमाच्या आधारे १९६८ पासून सामोरा गावच्या तुरुंगात धर्मगुरूंसाठी वेगळा विभाग उघडला. सवलतीने राजकीय कैद्यांना इतर राजकीय कैद्यांपासून तोडलं. नोव्हेंबर १९७३ मध्ये आतल्या धर्मगुरूंनी तिथली वेदीच पेटवून दिली.

---

सनदवाचक

कलम १६ चं हे उदाहरण माहीत नव्हतं असे बरेच असतील. धन्यवाद.

पोर्तुगालवर @मांडवीतीर यांनी लिहावं. तिथे आपला थेट संबंध येतो.

---

मांडवीतीर

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या 'नव्या राज्या'ला फॅसिस्ट म्हणावं का यावर अभ्यासक भांडत असतात, त्यात पडत नाही. एकपक्षी राजवट, छापील मजकुरावर चाप, राजकीय पोलीस, हे सगळं होतं. सालाझार आणि लिस्बनचे कार्डिनल सेरेजेरा कोइंब्रात एका घरात राहिलेले. तरीही ७ मे १९४० च्या करारात सालाझारने हात आखडता घेतला. १९१० च्या क्रांतीत जप्त झालेली जी मालमत्ता सरकारकडेच उरली होती तेवढी परत. विकली गेलेली गेली. धर्मगुरूंना सरकारी पगार नाही. बिशपच्या नावावर आक्षेपाला ३० दिवस. कलम २४ : चर्चमध्ये लग्न केलं की घटस्फोट मागायचा नागरी हक्क सोडला असं धरायचं. पोर्तुगालमध्ये हे १९७५ मध्ये बदललं.

गोव्यात १९४६ च्या हुकूमनाम्याने (क्रमांक ३५४६१) चर्चमधल्या लग्नाची हीच व्यवस्था आली. १९६१ नंतर भारताने गोव्यातले जुने कायदे चालू ठेवले, त्यात हाही राहिला. चर्चच्या न्यायासनाने लग्न रद्द ठरवलं तर त्याला उच्च न्यायालयामार्फत नागरी परिणाम देण्याची तरतूद त्यातलीच. गोव्याच्या 'समान नागरी कायद्या'चे गोडवे गाणाऱ्यांनी हा भाग कुणाकडून आला ते एकदा बघावं.

त्याच दिवशी झालेला दुसरा करार मिशनऱ्यांचा, वसाहतींसाठी. वसाहतीतले बिशप पोर्तुगीज नागरिकच हवेत, मिशनना सरकारी अनुदान, आणि १९४१ च्या नियमाने आफ्रिकेतल्या 'देशी' लोकांचं शिक्षण मिशनच्या हाती, पोर्तुगीज भाषेतून. पैसा सरकारचा म्हणून तोंड बंद, ही अपेक्षा. मोझांबिकमधल्या बैराचे बिशप सोआरेस दे रेझेंदे यांनी सक्तीच्या कापूस लागवडीवर पत्रकं काढली, ती अपवादात मोडतात. मायदेशात पोर्तोचे बिशप फेरेरा गोमिश यांनी जुलै १९५८ मध्ये सालाझारला पत्र लिहून जाब विचारला. १९५९ ते १९६९ त्यांना देशात पाऊल टाकू दिलं नाही. सेरेजेरा गप्प.

आता मुंबई. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडचे बिशप सुचवायचा जुना हक्क, पाद्रुआदो. मुंबईत त्यामुळे दुहेरी कारभार : काही चर्च पोर्तुगीज हक्काखालच्या दमणच्या बिशपकडे, काही थेट रोमकडे. एकाच गावात दोन गट आणि कायमची तणातणी. १५ एप्रिल १९२८ च्या कराराने, म्हणजे लिस्बनमध्ये लष्करी हुकूमशाही होती आणि सालाझार अर्थमंत्री व्हायला दोन आठवडे होते तेव्हा, दमणचा धर्मप्रांत मोडला आणि मुंबईसाठी तोडगा काढला : आर्चबिशप आळीपाळीने, एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. पहिले जोआकिम लिमा, १९३७ पासून थॉमस रॉबर्ट्स.

अडचण बघा. रॉबर्ट्सनंतर पाळी पोर्तुगीजाची. मधल्या काळात भारत स्वतंत्र झाला. म्हणजे गोवा सोडायला नकार देणाऱ्या सालाझारच्या देशाचा माणूस स्वतंत्र भारताच्या मुंबईत आर्चबिशप. रॉबर्ट्सने हे आधीच ओळखलं होतं. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस यांना सहायक करून घेतलं आणि स्वतः बाहेर राहून कारभार त्यांच्या हाती सोडला. १८ जुलै १९५० ला पोर्तुगालने मुंबई, मंगळूर, कोचीन, मैलापूर वगैरे ठिकाणचा हक्क सोडला, डिसेंबरमध्ये ग्रेशियस आर्चबिशप झाले, १९५३ मध्ये कार्डिनल. गोव्याचा हक्क मात्र सोडला नाही.

१९६४ च्या डिसेंबरात पॉल सहावे मुंबईच्या युखरिस्त परिषदेला (कॅथलिकांचा जागतिक मेळावा) आले, ओव्हलवर लाखोंची गर्दी. लिस्बनला हे झोंबलं. परराष्ट्रमंत्री फ्रँको नोगैरा यांनी हा पोर्तुगालचा विनाकारण अपमान असल्याचं जाहीर केलं आणि वृत्तपत्रांना या भेटीबद्दल छापू दिलं नाही. कॅथलिक म्हणवणारी राजवट पोपची बातमी दाबते, यापेक्षा नमुनेदार उदाहरण मिळायचं नाही. गोव्याच्या आर्चबिशपपदाचंही तेच : आल्वेर्नाझ १९६२ मध्ये निघून गेले, पण पदावर कागदोपत्री १९७५ पर्यंत राहिले. पोर्तुगालने भारताचा हक्क मान्य करेपर्यंत रोमने प्रशासकांवर भागवलं.

अवांतर : गोवा मुक्तिलढ्यात १९५५ मध्ये पकडलेले मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगात होते. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी इथे मोहीम चालवली, आणि १९६८ मध्ये अण्णादुराईंनी पोपना भेटून विषय काढला. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले.

---

बोलघेवडा

सगळं मान्य. पण @सनदवाचक, तुमची पद्धत दोन ठिकाणी तोंडावर पडते : स्लोव्हाकिया आणि क्रोएशिया. तिथे करार नाही, कलम नाही. स्लोव्हाकियाचा राष्ट्राध्यक्ष टिसो स्वतः धर्मगुरू. १९४२ च्या मार्च ते ऑक्टोबरमध्ये सुमारे ५८ हजार ज्यू गाड्यांत भरून पाठवले, आणि दर माणशी ५०० मार्क जर्मनीला मोजले. पैसे देऊन! क्रोएशियाचा हुकूमशहा पावेलिच १९४१ च्या मे महिन्यात पोपना भेटून गेला, तेव्हा सर्बांच्या कत्तली सुरू झालेल्या होत्या.

---

सनदवाचक

तोंडावर पडत नाही, उलट तिथेच कलमांची मर्यादा दिसते. क्रोएशियाला रोमने औपचारिक मान्यता दिली नाही. युद्धात जन्मलेल्या राज्यांना तह होईपर्यंत ओळखायचं नाही हा त्यांचा नेम. राजदूत न पाठवता मार्कोने नावाच्या मठाधिपतीला 'पाहणीसाठी' पाठवलं. म्हणजे नियम पाळला आणि दार उघडंही ठेवलं.

स्लोव्हाकियात तर कराराची गरजच नव्हती. टिसो धर्मगुरू असल्यामुळे चर्चचा कायदा थेट लागू : त्याला पद सोडायला सांगता येत होतं, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करण्यापासून रोखता येत होतं. व्हॅटिकनने निषेधाचे खलिते पाठवले, गाड्यांचं काय होतंय हे ब्रातिस्लाव्हातला त्यांचा प्रतिनिधी बुर्झिओ कळवत होता. पण टिसोवर धार्मिक कारवाई झाली नाही. पोपच्या सचिवालयातले टार्डिनी यांनी जुलै १९४२ मध्ये लिहून ठेवलेल्या टिपणाचा आशय असा : हिटलरला आवरणं आपल्या हातात नाही हे जग समजून घेईल, पण एका धर्मगुरूला आवरता येत नाही हे कुणाला पटेल? आतल्या माणसानेच लिहिलंय.

---

चौकस_बाई

हे टिपण कुठे वाचायला मिळेल? आणि २०२० मध्ये जी दफ्तरं उघडली ती वेगळी का?

---

कारकून

वेगळी. युद्धकाळातल्या निवडक कागदांचे ११ खंड व्हॅटिकनने १९६५ ते १९८१ मध्ये छापले. टार्डिनींचं टिपण त्यात आहे. खंड व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेत, प्रस्तावना फ्रेंच, कागद मूळ भाषेत, बहुतेक इटालियन. निवड चार जेझुइट अभ्यासकांची, त्यामुळे काय वगळलं हा प्रश्न राहिला होता.

२ मार्च २०२० ला पायस बारावे यांचं सगळं दफ्तर अभ्यासकांना खुलं झालं, आणि कोविडमुळे आठवड्याभरात बंदही झालं. जूनमध्ये पुन्हा उघडलं. जून २०२२ मध्ये मदत मागणाऱ्या ज्यूंच्या अर्जांची मालिका, १७० खंड, ऑनलाइन टाकायला सुरुवात झाली. त्यात आडनावाने शोधता येतं. एकेका अर्जामागे राजदूताकडे केलेली चौकशी, आलेलं उत्तर, समासातले शेरे असतात. बऱ्याच प्रकरणांत शेवटचा कागद मधल्याच कुठल्यातरी चौकशीचा असतो, आणि अर्जदाराचं पुढे काय झालं ते दुसऱ्या दफ्तरात, आउशवित्झच्या किंवा याद वाशेम या इस्रायलमधल्या ज्यू-संहार स्मारकाच्या यादीत शोधावं लागतं.